मेंढराच्या उंचीची खिडकी

साखर कारखान्यातल्या मळीचा वास आला की माझं काम अजून थांबतं. कराडात दुसऱ्या मजल्यावर माझं लहानसं ऑफिस आहे. थंडी पडायला लागली आणि वारा फिरला की कारखान्याच्या बाजूनं तो वास येतो. गोडसर, आंबूस, जरासा कुजका. खालचे दुकानदार नाक मुरडतात आणि तरीही खुशीत म्हणतात, "सुरू झाला बघा हंगाम." मी हातातली पेन्सिल खाली ठेवते. त्यांच्या लेखी तो साखरेचा वास असेल. माझ्या लेखी तो ज्युरीचा आहे.

ज्युरी म्हणजे आर्किटेक्चर शिकणाऱ्या पोरांची जाहीर परीक्षा. सहा महिने राबून केलेलं डिझाइन भिंतीवर टाचायचं, पुढ्यात पुठ्ठ्याचं मॉडेल मांडायचं, आणि बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांसमोर उभं राहून आपण हे असंच का केलं ते सांगायचं. सगळा वर्ग मागं उभा असतो. आम्ही सांगलीत शिकत होतो तेव्हा ही ज्युरी नेमकी गाळपाच्या भरात यायची. सकाळी कृष्णेवरनं धुकं उठायचं, ते दहा वाजेतो हॉस्टेलच्या पायऱ्यांवर बसून असायचं. कुठंतरी उसाचा पाला पेटवलेला असायचा आणि त्याची काळी, पिसासारखी हलकी राख खिडकीतनं आत तरंगत यायची. आमची मॉडेलं पांढरी. राख बोटानं उचलायला गेलं की डाग पडायचा, म्हणून आम्ही श्वास धरून, ओठांचा चंबू करून तिला फुंकायचो. दुपारी कागदाच्या पुडीत भडंग आणि कटिंग चहा. बोटांना सुकलेल्या गोंदाचे पापुद्रे. त्या दिवसांतलं माझं वय मला आठवत नाही, पण बोटांवरचे ते पापुद्रे सोलतानाचं सुख आठवतं.

चौथ्या वर्षी विषय होता, आपापल्या गावासाठी एक छोटी सार्वजनिक इमारत. माझी खोलीतली मैत्रीण वैशाली, आष्ट्याची. घरचा ऊस, घरचा ट्रॅक्टर, आणि कशालाच न घाबरणारा स्वभाव. तिनं गावासाठी सभागृह केलं होतं, लांबट, मध्ये मध्ये फुगवटे असलेलं. ज्युरीच्या दोन दिवस आधी प्रिंट काढायच्या दुकानात रांगेत उभी असताना ती ओरडली, "अगं, हे उसाच्या कांड्यासारखं दिसतंय!" आणि तिथंच तिनं शीटवर मोठ्या अक्षरांत लिहून टाकलं : 'संकल्पना, ऊस.'

"आधी हे डोक्यात होतं का तुझ्या?" मी विचारलं.

"कुठलं काय! फुगवटे जिन्यामुळं आलेत. पण परीक्षकांना काहीतरी ऐकायचं असतं गं. संकल्पना आधी नसती, ती प्रिंट काढताना सुचती."

मी हसले. पण मनातून मला ते लबाडीचं वाटलं होतं. कारण माझ्याकडं खरी गोष्ट होती.

माझं गाव वडूजच्या पूर्वेला, खटावच्या कोरड्या पट्ट्यात. आमची मेंढरं. मी जनावरांचा दवाखाना करायला घेतला होता. मी आठेक वर्षांची असताना आमची एक काळतोंडी मेंढी पोट फुगून आजारी पडली. वडील, म्हणजे आबा, तिला खांद्यावर टाकून बाजाराच्या गावी घेऊन गेले. मागनं बाकीची मेंढरं हाकत मी. तिथं एका खोलीत दवाखाना चालायचा. डॉक्टरांनी मेंढी आत घेतली आणि दार लावलं. मग आतनं जे ओरडणं सुरू झालं, ते माझ्या अंगावर अजून काटा आणतं. भिंतींना धडका देत होती ती. मेंढी वाचली, पण धडका देता देता तिनं पुढचा पाय मोडून घेतला आणि जन्मभर लंगडली. बाहेर आमची बाकीची मेंढरं लिंबाखाली उभी होती. तिला ती दिसली असती तर ती भ्याली नसती, हे मी तेव्हाच, दवाखान्याच्या ओट्यावर बसून ठरवून टाकलं होतं.

म्हणून माझ्या दवाखान्याच्या उपचारखोलीला मी वेगळीच खिडकी दिली. जमिनीपासून दोन फुटांवर सुरू होणारी, तीन फुटांवर संपणारी, भिंतभर लांब अशी एक फट, तिला काच. मेंढराच्या डोळ्याच्या उंचीची खिडकी. बाहेर कळप थांबायला झाडाखाली जागा. आत टेबलापाशी उभं असलेलं मेंढरू त्या फटीतनं आपला कळप बघणार. संबंध वर्गात इतकी सरळ गोष्ट दुसऱ्या कुणाचीच नाही, असं मला वाटायचं.

परीक्षक पुण्याहून आले होते. उंच, पिकलेल्या दाढीचे, आवाज मऊ. वैशालीच्या उसावर ते दोन मिनिटं छान बोलले आणि पुढं सरकले. माझ्या मॉडेलपाशी आल्यावर मात्र थांबले. कमरेत वाकले, गाल टेबलाला टेकवला आणि त्या फटीतनं आत बघितलं. मग सरळ होऊन मागं वळून सगळ्यांना म्हणाले, "हे बघा. आतल्या माणसाला बाहेरची जमीन बघायची असेल तर वाकावं लागतं. दुष्काळी मातीपुढं माणसाला वाकायला लावणारी इमारत! नम्रता. फार सुंदर इंटेंट आहे."

वर्गात कुजबुज झाली. वैशालीनं लांबूनच 'झालं तुझं काम' अशी खूण केली. आमचे गाईड जोग सर, एरवी कपाळाला आठ्या घालून फिरणारे, चक्क हसत होते. मी 'थँक्यू सर' म्हणायला हवं होतं. दोन शब्द.

"तसं नाही सर," मी म्हणाले. "ती खिडकी मेंढरासाठी आहे. त्याला बाहेरचा कळप दिसावा म्हणून."

"बरं. ते फंक्शन झालं. मी इंटेंट विचारतोय."

"तोच इंटेंट आहे सर."

"असं कसं? फंक्शन गोठ्यालाही असतं. आर्किटेक्चर तिथून पुढं सुरू होतं. ही रेघ काढताना तुमच्या मनात काय होतं?"

"मेंढरू होतं सर."

वर्ग फस्सकन हसला. मला हसवायचं नव्हतं. पण पुण्याच्या सरांना वाटलं की मी त्यांची थट्टा करतेय. त्यांचा आवाज मऊच राहिला, फक्त शब्द तुटक झाले. "मग डॉक्टरचं काय? तो उभा राहून काम करणार आणि त्याच्या डोळ्यांसमोर कोरी भिंत. मेंढरासाठी म्हणत असाल तर हे डिझाइन चुकलंय. मी म्हणतो त्या अर्थानं घेतलं तर ते बरोबर आहे. आता तुम्हीच ठरवा."

त्यांच्या पाठीमागं उभं राहून जोग सर जोरजोरात मान हलवत होते. हो म्हण. हो म्हण. मला ते दिसत होतं. मला हेही माहीत होतं की इथं घसरले तर वर्ष जाईल, आणि वर्ष गेलं तर घरचे थांबणार नाहीत. मामांनी एक स्थळ आणलेलंच होतं, आणि "शिक्षण पुरं होऊ द्या" एवढ्या एका वाक्यावर आबांनी ते थोपवून धरलं होतं. सगळं माहीत असून माझ्या तोंडून निघालं, "मी कुणाला वाकवायला काही केलेलं नाही सर. आमच्याकडची माणसं दिवसभर वाकलेलीच असतात."

आता कुणी हसलं नाही. पुण्याच्या सरांनी खिशातनं लाल पेन काढलं, शीटच्या कोपऱ्यात लिहिलं, 'इंटेंट अस्पष्ट. आठ दिवसांत पुन्हा सादर करणे', आणि पुढच्या मुलाकडं वळले.

संतापापेक्षा वाईट असं काहीतरी मला तेव्हा झालं होतं. कुणी आपल्याला चूक म्हटलं तर भांडता येतं. पण आपण केलेल्या गोष्टीला कुणी भलत्याच कारणासाठी चांगलं म्हटलं, तर भांडायचं तरी कुणाशी? आज माझ्याकडं घर बांधायला येणारी माणसं मी ज्या कोपऱ्यासाठी रक्त आटवलं तो सोडून भलत्याच कोपऱ्याचं कौतुक करतात, आणि मी मुकाट्यानं चहा मागवते. त्या वयात तो शहाणपणा नव्हता. नव्हता ते बरं होतं, असंही कधी कधी वाटतं.

जोग सरांनी मला स्टाफरूमबाहेर गाठलं. "मंगल, हो म्हणायला काय जात होतं तुझं?"

"पण ते खोटं होतं सर."

"खोटं कसं? त्यांना ते तसं दिसलं. तुला वेगळं दिसलं. इमारत काय तोंड उघडून सांगणार आहे, कुणाचं खरं ते?" मग माझा चेहरा बघून जरा नरमले. "आठ दिवस आहेत. भांडायचंच असेल तर नीट तयारी करून भांड."

त्या दिवसांत आबा लांब नव्हते. दरवर्षी थंडीत आमची मेंढरं खाली कृष्णाकाठच्या मुलखात उतरायची. ऊस तुटून गेलेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात. लेंड्यांचं खत रानाला मिळतं, पाल्यावर आणि बांधावर मेंढरांचं भागतं. त्या वर्षी आबांचा तळ वैशालीच्याच वडिलांच्या रानात पडला होता. तात्या म्हणायचे तिच्या वडिलांना. मॉडेल खोक्यात घालून, खोकं मांडीवर धरून मी एसटीनं आष्ट्याला निघाले. शेजारी वैशाली, गप्प. ती गप्प बसलेली मी त्या एका प्रवासातच बघितली.

उन्हं कलताना आम्ही रानात पोचलो. तोडलेल्या उसाची बुडखी पायाला टोचत होती. जाळीच्या कुंपणात मेंढरं, कडेला घोडं, आई चुलीपाशी भाकरी थापत होती. आबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "पास झालीस न्हवं?"

"न्हाई आबा. परत मांडाय सांगितलंय."

"कशापायी?"

मी खोकं उघडलं. आबांनी मॉडेल दोन्ही हातांनी उचललं, नवजात कोकरू उचलावं तसं, खालनं हात घालून. फिरवून फिरवून बघितलं. त्या फटीवरनं अंगठा फिरवला. "ह्ये काय?"

"मेंढराला भाईरचा कळप दिसावा म्हणून."

"दिसून काय करंल त्ये?"

"भ्याचं न्हाई."

"कुनी सांगितलं तुला?"

"आवं आबा, ती काळतोंडी न्हवती का? पाय मोडून घेतलेली?"

आबांनी मॉडेल हलकेच खोक्यात ठेवलं. मग म्हणाले, "ती कळप दिसंना म्हणून न्हाई भ्याली. डाक्टरांनी दार लावलं, तवा कळपाचा आवाजच बंद पडला तिच्या कानात. मेंढरू भ्यालं म्हंजी आदी कानानं शोधतंय, पोरी. डोळं मागनं."

मी वाद घातला. पुण्याच्या सरांशी घातला त्याहून जास्त. आबा वाद घालणाऱ्यांतले नव्हते. "उद्या सकाळी बगू," एवढंच म्हणाले आणि भाकरी पुढ्यात ओढली.

सकाळी त्यांनी दोन काठ्या रोवल्या आणि त्यांच्यामध्ये ताडपत्री ताणून बांधली. माझ्या नकाशात होती तशी, दोन फुटांवर एक फट ठेवली. एक तरणी मेंढी ओढून आणली आणि माझ्या हातात दिली. मी आणि मेंढी ताडपत्रीच्या अल्याड, कळप पल्याड. वैशाली कडेला उभी राहून बघत होती. मेंढी थरथरायला लागली. तिनं ओरडून बघितलं. पलीकडनं दोन-चार आवाज आले. तिचे कान वळले, मान ताठ झाली, पुन्हा ओरडली, पुन्हा उत्तर आलं. हळूहळू माझ्या हाताखालची थरथर कमी झाली. त्या एवढ्या वेळात तिनं फटीकडं एकदाही बघितलं नाही. फट तिच्या डोळ्यांसमोर होती, आणि ती भलतीकडंच तोंड करून ऐकत होती.

जिच्यासाठी सगळ्या वर्गापुढं उभी राहून भांडले, तिला त्या खिडकीचं काहीच नव्हतं. पुण्याचे सर चूक होते, आणि मीही.

तेवढ्यात त्या फटीत दोन डोळे दिसले. आबा पलीकडं उकिडवे बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि आत बघत होते.

"आबा, काय करताय?"

"बगतोय." डोळे हलले नाहीत. "आत सुई टोचत्यात का काय करत्यात, भाईरच्या मानसाला कळायला नको? तवा दाराभाईर हुबा हुतो, तर लय वंगाळ वाटलं हुतं मला. आत ती वरडतीया, आन् मला काय दिसंना."

मी मेंढी सोडून दिली. ती उड्या मारत कळपात गेली.

त्या दिवशीच्या दवाखान्याचा प्रत्येक तपशील मला पाठ होता. लिंब, ओटा, निळं दार. आबा तंबाखू मळत शांत उभे होते, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आता आठवलं, तंबाखू त्यांच्या तळहातावर तशीच होती आणि अंगठा थांबलेला होता. भ्यालेलं मी बघितलं होतं ते आबांना. बापाला भीती वाटू शकते हे आठ वर्षांच्या पोरीला पेललं नसणार, म्हणून ती भीती मी मेंढीच्या नावावर केली, आणि पुढं तिच्यासाठी खिडकी काढली. माझ्या मनात काय होतं, हे मला तरी कुठं माहीत होतं?

"आता काय? खिडकी वर घेणार?" वैशालीनं विचारलं.

"न्हाई. हाय तिथंच ऱ्हाणार."

सांगलीला परत येऊन मी चार दिवस काम केलं. फटीची काच काढून टाकली, आवाज आत-बाहेर जावा म्हणून. बाहेरच्या अंगाला, बरोबर फटीसमोर, बसायला लांब ओटा दिला आणि त्यावर सावली. आणि शेवटी, दात ओठ खात, पलीकडच्या भिंतीत डॉक्टरच्या डोळ्यांच्या उंचीची एक मोठी खिडकी काढली. सरांचं तेवढं खरं होतं.

दुसऱ्या ज्युरीला पुण्याचे सर पुन्हा आले. वर्ग नव्हता. ते, जोग सर आणि मी. मी सरळ सांगितलं, "सर, मागच्या वेळी माझं चुकलं. ती खिडकी मेंढरासाठी नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. "मला वाटलंच. माणसानं वाकावं म्हणून."

"नाही सर. बाहेरच्या माणसासाठी. तो वाकत नाही, बसतो. आमच्याकडं थांबायचं म्हणजे उकिडवं बसायचं. बसलेल्या माणसाला आत आपलं जनावर दिसावं म्हणून."

"बसणं काय आणि वाकणं काय, शेवटी खालीच येणं झालं. अर्थ तोच."

"तोच नाही सर. वाकतो तो दुसऱ्यापुढं. बसतो तो आपला आपण."

जोग सरांनी छताकडं बघायला सुरुवात केली. अर्धा तास आम्ही त्या एका फुटाच्या फटीवर बोललो आणि आमचं जमलं नाही ते नाहीच. आबांचं मी सांगितलं, मेंढीचे कान सांगितले. ते ऐकत होते, अधूनमधून "हं" म्हणत होते, आणि फिरून नम्रतेवर येत होते. शेवटी दमून म्हणाले, "तुम्ही माझं ऐकणार नाही."

"ऐकलं की सर. डॉक्टरची खिडकी तुमचीच आहे."

ते हसले. पहिल्यांदाच. शीटवर 'पास' लिहिलं, शेरा काहीच लिहिला नाही, आणि जाताना दारात थबकून म्हणाले, "वडिलांना नमस्कार सांगा." मी फोनवर आबांना सांगितलं तर आबांनी विचारलं, "कोन म्हनायचं ह्ये?" वर्ष गेलं नाही. मामांनी आणलेलं स्थळ कंटाळून दुसरीकडं जमलं.

तो दवाखाना अर्थातच कधी बांधला गेला नाही. विद्यार्थ्यांची डिझाइनं बांधली जात नसतात. ती माळ्यावर गुंडाळून पडतात आणि उंदीर खातात. आबांची मेंढरंही आता नाहीत. गुडघे गेले, घोडं गेलं, तळ उठले. गावाला पाणी आलंय आणि आबा अंगणात खुर्ची टाकून बसतात, ते मला अजून बघवत नाही. इतकी वर्षं झाली, थंडी आली की त्यांची नजर दक्षिणेला, खालच्या मुलखाकडं जाते.

या दिवाळीत गावी गेले होते. गावाला जनावरांचा नवा दवाखाना झालाय, रंगवलेला, फरशी घातलेला. सकाळी फिरत फिरत तिकडं गेले. उपचारखोलीला खिडकी नव्हती, छताजवळ एक झरोका होता तेवढा. त्या झरोक्याखाली, बाहेरनं, कुणीतरी दगड रचून ठेवले होते. चार-पाच मोठे, सपाट, हलू नयेत म्हणून खाली बारक्या कपच्या घातलेले. वरच्या दगडाची कड पायांनी घासून गुळगुळीत झाली होती. बाजूला एक म्हातारी पदराचं टोक चावत उभी होती.

मी भिंतीला धरून वर चढले. आत एक कालवड आडवी होती, सलाईनची बाटली टांगलेली, आणि स्टुलावर बसलेल्या डॉक्टरांची पाठ. चाहूल लागून त्यांनी वर बघितलं.

"कोण आहे? तुमचं जनावर आहे का हे?"

"नाही."

"मग काय बघताय?"

"इथनं लोकांना काय दिसतं ते बघतेय."

"काय दिसणार? माझी पाठ दिसणार," ते वैतागून म्हणाले आणि पुन्हा कालवडीकडं वळले.

मी खाली उतरले. म्हातारीला हात दिला. "चढा मावशी, धरते मी." ती चढली. एका हातानं माझा खांदा धरलेला, दुसऱ्या हातानं झरोक्याची कड. तिच्या टाचांच्या भेगा माझ्या डोळ्यांसमोर होत्या. टाचा उचलून ती आत डोकावली. मग आतनं स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"आता दिसतंय का, आजी?" डॉक्टर विचारत होते.

"व्हय," म्हातारी म्हणाली. "आता दिसतीया."